दुसऱ्या अक्षराचे यमक

लग्नाला अकरा दिवस उरले असताना माझे मंगलाष्टक परत आले.

नात वनजाच्या लग्नात मी लिहिलेले चार चरण म्हटले जावेत, एवढीच माझी इच्छा होती. आमच्या घराण्यात तलवार धरणारे पुष्कळ झाले. पूर्वज म्हैसूरला आले तेच सैन्यासोबत. लिहिणारा मी एकटा, तोही चोरून. हे चरण नवऱ्या मुलाच्या पुण्याच्या आत्याबाई म्हणणार होत्या. त्यांनी फोनवर कळवले की भाव चांगला आहे, पण यमक कुठेच जुळत नाही.

मी वही उघडली. वनजा, मनात, कानडी, सोन्याची. चारही चरणांच्या आरंभी दुसरे अक्षर ‘न’चे होते. त्यासाठी मी आठवडा घातला होता. मग ध्यानात आले. माझी शाळा कन्नड. तिथे प्रास जुळवतात तो चरणाच्या दुसऱ्या अक्षरात. मराठीत ओळीचा शेवट जुळतो हे मला ठाऊक होते, पण लिहिताना कानाने ते मागितलेच नाही.

माझी पत्नी जयलक्ष्मी म्हणाली, पुरोहितांची संस्कृत अष्टके आहेतच, तुम्ही कशाला त्रास करून घेता. एरवी मी लगेच वही मिटली असती. या वेळी मिटली नाही. ‘न’ही सोडायचा नाही असे ठरवले. आरंभ आमच्या कानाला हवा तसा, शेवट त्यांच्या.

शेवटची जोडी, ‘सोबती’ आणि ‘शोभती’, लवकर सापडली. पहिली अडली. ‘वनजा निघाली नव्या घरी आज’ इथवर ठीक होते. मंडी मोहल्ल्यात सुपारी आणायला गेलो आणि ‘काज, खाज, गाज’ पुटपुटत दुकान ओलांडून पुढे गेलो. शेवटी लिहिले, ‘मनात मोगरा, डोळ्यांमध्ये लाज’.

वनजाने वाचून वही परत दिली.

“लाज बेड, अज्जा. नको म्हणजे नको. दोन वर्षं ओळखते मी त्याला, आता कसली लाज?”

दुसरा शब्दच उरला नाही, असे मी म्हणालो.

“मग माज घाला.”

“तो न घालताही दिसतोच आहे,” जयलक्ष्मी म्हणाली.

मी पुन्हा बसलो. दोन अक्षरी शब्द संपले होते. बाहेर वनजा मांडववाल्याशी फोनवर कन्नडमध्ये भांडत होती. चढ्या सुरात नाही, पण प्रत्येक शब्द रस्त्यापर्यंत ऐकू जावा असे. मी ‘डोळ्यांमध्ये लाज’ खोडले आणि लिहिले, ‘मोकळा आवाज’.

पुण्याला फोन मीच लावला. वही समोर धरून चारही चरण म्हटले:

वनजा निघाली नव्या घरी आज,
मनात मोगरा, मोकळा आवाज;
कानडी मातीचा गंध हा सोबती,
सोन्याची पाऊले दारात शोभती.

आत्याबाईंनी पहिला चरण म्हणून पाहिला, मग थांबल्या.

“हे मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्या ‘न’वर जो ठेका देता, तो मला साधत नाही. तुम्हीच म्हणा.”

माईकसमोर मी जन्मात उभा राहिलेलो नाही. नाही म्हणायला तोंड उघडले होते.

“म्हणतो,” मी म्हणालो.

फोन ठेवून परसात गेलो आणि पहिल्या चरणापासून सुरुवात केली. शेजारचे शिवाजीराव कुंपणावरून पाहू लागले. मी थांबलो नाही.