कापसाच्या खोलीतला आवाज

देवानंद ऐकत असतो तेव्हा त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलकेच उघडतात आणि मिटतात. समोर पेटी नसते, पण हात भाता चालवत राहतो. हिवाळ्याच्या सकाळी ओसरीवर कोवळं, पिवळसर ऊन उतरतं, शेजारच्या अंगणात कुणी सुपात तूर पाखडत असतं, रस्त्यावरून कारंज्याची एसटी धापा टाकत जाते, आणि या साऱ्या नादांच्या मधोमध हा माणूस डोळे अर्धे मिटून, मान किंचित डावीकडे कलवून असा तल्लीन बसलेला असतो, की पाहुणा आला तरी मी आधी त्याला थांबायची खूण करते. बोलताना मी याला ‘अहो’ म्हणते. कागदावर मात्र नावानं आणि एकेरीत लिहायची मुभा घेते आहे. गावातल्या शाळेत मी मराठी शिकवते, म्हणून अख्खं धनज मला मॅडम म्हणतं, आणि चिडवायचं असलं की हाही.

आमच्या वस्तीतल्या गायनपार्टीत याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, गाणारा आणि हा पेटीवर. जयंती असो, पौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो, दादांनी आलाप घ्यायला छाती भरली की याचा भाता आपोआप उघडायचा. दोघांचा श्वास एकाच ठिकाणाहून येत असावा असं वाटायचं. सुरांबद्दल ते दोघं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. भांडायचे ते ओलिताच्या पाळीवरून, आणि तेही मनापासून. गेल्या वर्षी दादा गेले. त्यानंतर देवानंद पेटीवरची धूळ रोज पुसायचा, पण झाकण उघडायचा नाही.

मग एके दिवशी वहिनी आल्या. नात्यानं त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, पण आम्ही दोघंही त्यांना वहिनीच म्हणतो. दादांचा जुना मोबाइल त्यांच्या पदराच्या गाठीत होता. शेतात राखणीला बसल्यावर दादा एकटेच गात आणि ते गाणं मोबाइलमध्ये साठवून ठेवत, हे त्यांच्या माघारी वहिनींना कळलं होतं. त्यात वाद्य काहीच नव्हतं, नुसता उघड्या रानातला गळा होता. मोबाइल देवानंदच्या हातात देत त्या म्हणाल्या, “भाऊजी, याले पेटी लावा. पन त्यायचा आवाज बदलू नका.”

त्या एका वाक्यानं माझ्या घरातला माणूस मला परत मिळाला. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवरून बापाची शिकवणी घेतली. घरातले नेहमीचे स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात, उणं असेल ते झाकतात. गाणं बनवणाऱ्यांसाठी वेगळे स्पीकर असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात, आणि ते पदरचं काही घालत नाहीत, असं तिनं सांगितलं. हे ऐकून देवानंद इतका खूश झाला, जणू एखाद्या सज्जन माणसाची ओळख होणार होती.

अमरावतीच्या दुकानात आमच्या ऐपतीतल्या तीन जोड्या दुकानदारानं मांडल्या आणि आपल्या आवडीचं धडधडणारं गाणं लावलं. काचेच्या फळ्या थरथरल्या. देवानंदनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. सगळ्यांत मोठ्या जोडीवर दादांचा गळा फुगून आला, सभेत बोलल्यासारखा. दुसरीवर प्रत्येक शब्दाला धार चढली. तिसरी जोडी जेवणाच्या डब्याएवढी, काळी, बघायला अगदीच बापुडवाणी. तिच्यातून दादांनी ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू आला आणि मागे, फार लांब, एक टिटवी ओरडली. मी देवानंदच्या हाताकडे पाहिलं. बोटं मांडीवर उघडमीट करू लागली होती. दुकानदार भला होता. यात ठोका दमदार वाजत नाही, लोक परत आणून देतात, असं त्यानं बजावलं. “मले नाचाचं नाही,” देवानंद म्हणाला, “दादाले ऐकाचं हाय.”

घरी नव्या स्लॅबच्या खोलीत टेबल मांडलं. खोली कोरी होती. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि एक खिडकी. मुलीनं सांगितलं तसे दोन्ही स्पीकर कानांच्या उंचीवर यावेत म्हणून खाली विटा दिल्या, एकमेकांपासून जेवढे लांब तेवढंच बसणाऱ्यापासून अंतर ठेवलं, आणि देवानंदनं बटण दाबलं. दादांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. खर्जाचे सूर सुजल्यासारखे झाले आणि एक शब्द दुसऱ्यात कालवला गेला. त्यानं टेबल सरकवलं, स्पीकर वळवले, पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि पुढच्या काही दिवसांत हळूहळू ते सगळं सोडून दिलं.

मी म्हटलं, बदलून आणू. त्यानं मान हलवली. स्पीकरांत खोट नाही; दुकानात स्वच्छ वाटले खरे, पण तिथं आपण कानानं ऐकलंच नाही, हौसेनं ऐकलं, असं त्याचं म्हणणं. “भोंग्यापाशी बसू बसू गेला माहा कान,” तो म्हणाला. डॉक्टरांकडे जायला तो तयार नव्हता. बहिरेपणाची त्याला भीती नव्हती, हे मला कळत होतं. असल्या कानानं आपण दादांच्या आवाजाची नासाडी करू आणि ते आपल्याला समजणारही नाही, या विचारानं तो आतून पोखरला जात होता. तो वहिनींना वेळ लागेल म्हणून सांगायचा, आणि इकडे स्पीकरवर चादर पडलेली. खरं तर मलाही ते गढूळच ऐकू येत होतं. पण पेटीवाल्याच्या घरात मराठीच्या बाईच्या कानाला कोण विचारतं?

कापसाचा वेचा जोरात चालला असतानाच आभाळ भरून आलं. ओसरीतला कापूस भिजू नये म्हणून तो त्या खोलीत हलवायचं ठरलं. देवानंदनं स्वतः चादर घातलेल्या टेबलाभोवती गाठोडी रिकामी केली. भिंतींना टेकून ढीग चढत गेले, खिडकीच्या चौकटीला लागले. बाहेर मळभ आणि आत ती शुभ्र, मऊ, सरकीचा मंद वास असलेली शांतता. त्यानं कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यानं ती खोली इतक्या सहज देऊन टाकली, की मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे एका रविवारी दुपारी मी स्पीकरमध्ये कापसाची तुसं गेली का ते बघायला आत शिरले. चादर काढली, फडक्यानं पुसलं, चालतात की नाही म्हणून गाणं लावलं. आणि दादा गायला लागले. अगदी समोर, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. अंगणातल्या टाक्यावर हात धूत असलेला देवानंद ओल्या हातांनीच दारात आला.

काय केलंस, असं त्यानं विचारलं. पुसलं फक्त, मी म्हणाले. त्यानं खोलीकडे नजर फिरवली आणि एकदा टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत तीच टाळी भिंतीभिंतींवरून माघारी यायची. आज ती कापसात शिरली आणि तिथंच राहिली. दुकानातल्या भिंतींना जाड पडदे होते, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं. तो तिथल्या तिथे ढिगावर बसला.

“माहा कान नवता गेला वं,” तो म्हणाला. “खोली खाली होती.”

मग तो रडला. दादा गेले तेव्हा न रडलेला माणूस त्या पांढऱ्या ढिगात बसून रडला, आणि मीही त्याच्या शेजारी बसून रडून घेतलं.

सारा हिवाळा त्या खोलीत गेला. लॅपटॉपवर खोकला, वारा, टिटवी सगळं पुसता येतं, असं मुलगी सांगत होती; यानं काहीच पुसलं नाही. पेटीही अशी लावली, की ती दादांच्या मागून चालावी, पुढं कधी येऊ नये. व्यापारी दारात येऊन भाव सांगायचा आणि मी काही ना काही निमित्त काढून त्याला वाटेला लावायची. कापूस विकायला माझीच टाळाटाळ बघून देवानंदला हसू आवरायचं नाही.

गाणं पुरं झालं तेव्हा एका दुपारी वहिनींना बोलावलं. देवानंदनं त्यांना आपल्या जागेवर, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. शहरातल्या जाणकारांची त्याला तमा नव्हती, पण ज्या बाईनं तो आवाज जन्मभर घरात ऐकला, तिच्यापुढे आज त्याचा कान उभा होता. वहिनींनी डोळे जमिनीकडे लावले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. गाणं सुरू झालं, चढलं, उतरलं, शेवटच्या सुरावर पेटी हळूच बाजूला झाली आणि दादा एकटे उरले. मग तेही थांबले.

वहिनी उठल्या. पदर कमरेला खोचला आणि आमच्या कुणाकडे न बघता, रोजच्या कामाच्या लगबगीत, त्या स्पीकरांकडे वळून म्हणाल्या, “झालं नं? उटा आता, जेवून घ्या.”

शब्द तोंडातून गेले आणि त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. देवानंदनं पुढं होऊन त्यांच्या पायांशी बसून घेतलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते.

काळ माणसाला घेऊन जातो. त्याला जेवायला बोलावणारी हाक मात्र घरातच राहते, आणि ती कधी ओठांवर येईल, हे हाक देणारीलाही ठाऊक नसतं.