डॉक्टरसाहेब, जरा आडवे व्हा

डोंगरातल्या आमच्या पुकाकंचा गावात निळं जाकीट घातलेली बाई दिसली की आरोग्य केंद्रातल्या ग्लादिस सिस्टरच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू देत. ते जाकीट आम्ही मिरवायला घालत नाही. मी इलारिया आणि माझी मैत्रीण सातुर्निना, आम्ही दोघी गावाने निवडलेल्या देखरेखवाल्या. केंद्राच्या बाकावर जाऊन बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. कोणाला ताटकळत ठेवलं, कोणावर खेकसले, औषध कपाटात असून संपलं म्हणाले का. दर सहा महिन्यांनी आढावा बैठक होते. तिथे आम्ही बोलायचं आणि डॉक्टरांनी ऐकून घ्यायचं, असा सरकारचाच नियम आहे. मला निवडलं कारण माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या डोंगराला ठाऊक. सातुर्निना माझ्या अगदी उलट. बोलणं कमी, पण एकदा बघितलेलं विसरायची नाही.

एका वर्षी जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, मात्र तीच माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. तिची लेक निएवेस दुसऱ्यांदा पोटुशी होती. दिवस भरत आलेले, पायांवर सूज, डोकं सारखं ठणकतंय. आणि केंद्राचं नाव काढलं की पोरगी उठून मेंढरांकडे चालू लागायची.

“घरीच मोकळी होईन,” ती म्हणायची. “मेले तर माझ्या कांबळ्यावर मरेन. त्या लोखंडी टेबलावर नाही.”

तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नव्हती. पहिल्या वेळी ती स्वतःच्या पायांनी केंद्रात गेली होती. तिथे तिचे लोकरीचे झगे काढून घेतले, मागून उघडा असलेला कागदासारखा डगला चढवला, अंग गार पाण्याने पुसलं आणि आईच्या तोंडावर दार लावलं. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. तिला ऊब हवी, बसायला मेंढीचं कातडं हवं आणि पाठीशी टेकायला कोणीतरी आपलं माणूस हवं. निएवेसला मिळालं काय, तर स्पॅनिशमधला आरडाओरडा. त्यातला एक शब्द तिला कळला नाही. जन्मलेली मुलगी वाचली, पण निएवेस पुढे कितीतरी महिने कोणाशी धड बोलत नव्हती. आम्ही जाकीट घालून विचारायला गेलो तेव्हा तिने खाली बघून सांगितलं, “चांगलं होतं सगळं.” आमच्यात हे असंच. ज्याने हात लावून औषध दिलं त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे पाप वाटतं.

म्हणजे आता बैठकीत काहीतरी घडायलाच हवं होतं. नाहीतर ही पोरगी घरात जीव गमावून बसली असती.

केंद्रातल्या त्या बैठकीला डॉक्टर रेन्सो भिंतीवर चित्रं दाखवायला लागले. समुद्रकाठचा पोरगेलासा माणूस, वर्षभरासाठी आमच्या डोंगरावर आलेला, स्वभावाने गरीब. कानटोपी काढायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्याच्या चित्रांत सगळे हिरवे खांब, हिरवी चकती.

“बघा ना बाई,” ते मला म्हणाले, “बाळंतपणाच्या खोलीबद्दल एकीचीही तक्रार नाही. सगळ्या समाधानी.”

“तक्रार नाही कारण अर्ध्याजणी येतच नाहीत,” मी म्हटलं. “आणि आलेल्या तुम्हाला घाबरतात.”

“मी कुठे कोणाला घाबरवतो?” बिचारा खरंच दुखावला.

आता शब्द वाया घालवण्यात अर्थ नव्हता. मी उठले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

“डॉक्टरसाहेब, जरा आडवे व्हा.”

“कुठे?”

“त्या टेबलावर. तो डगला घालून. आणि टोपी काढा आधी.”

अंगणात जमलेल्या बायका खिदळायला लागल्या. ग्लादिस सिस्टर म्हणाली, “हा काय चावटपणा आहे?” पण डॉक्टर आमच्या सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, “आढावा आहे ना? मग घ्या आढावा.” त्या दिवशी तो माणूस मला पहिल्यांदा आवडला. विजार आणि बंडी तेवढी अंगावर ठेवून, वरून डगला चढवून ते टेबलावर चढले.

सातुर्निना डोक्याशी उभी राहिली. मी तिला आधी काही शिकवलं नव्हतं. एरवी गप्प असणारी ती बाई अचानक आमच्या केचुआ भाषेत कडाडली. “पाय वर! वर म्हणते ना! रडतेस कशाला? करताना बरी नाही रडलीस?”

बायकांचं हसू तिथेच थांबलं. यातला प्रत्येक शब्द आमच्यापैकी कोणी ना कोणी त्याच खोलीत ऐकलेला होता, स्पॅनिशमध्ये.

डॉक्टरांना ओ की ठो कळेना. “काय म्हणतायत त्या?” ते मला विचारत होते. मी छताकडे बघत राहिले. सातुर्निनाने बंडी वर सारून गार पाण्याचा बोळा त्यांच्या पोटावर फिरवला. ते दचकले, दात वाजायला लागले, आणि दोन्ही कोपरांवर भार देऊन उठून बसले.

“का हो उठलात?” मी विचारलं.

“असं पडून... कोण येतंय, काय करतंय, काही दिसतच नाही हो.” बोलता बोलताच ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं.

खिडकीबाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. निएवेस होती. आईसाठी उकडलेले बटाटे आणि चीज घेऊन ती अंगणापर्यंत आली होती, आत पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेऊन. टेबलावर कुडकुडणारा डॉक्टर बघून तिचं हसू थांबेना.

त्यानंतर डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. आठवड्याभरात खोलीत शेगडी आली, खिडकीला जाड पडदा लागला, धरून बसायला तुळईला दोर बांधला. आई किंवा नवरा आत राहील आणि केचुआ बोलणारं माणूस असल्याशिवाय बाळंतपण होणार नाही, हेही ठरलं. ग्लादिस सिस्टरने मेंढीच्या कातड्यावरून नाक मुरडलं. मग मीच कातडं उकळत्या पाण्यातून काढलेल्या चादरीत गुंडाळून तिच्यासमोर अंथरलं. दुसऱ्या दिवशी दुसरी चादर तिनेच काढून ठेवली.

आणि निएवेस आली! खोलीत फिरली, दोर ओढून बघितला, शेगडीवर हात शेकले. “ठीक आहे,” म्हणाली. मला तर नाचावंसं वाटत होतं. मग डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“बीपी फार चढलंय, इथे नाही होणार,” ते म्हणाले. “हिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आजच. झटके आले तर माझ्याकडे काही नाही.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतकं भांडून जी खोली नीट करून घेतली ती या पोरीच्या उपयोगाची नव्हती. मी डॉक्टरांना चार शब्द सुनावले, पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे सांगत होते.

निएवेस दंडाचा पट्टा सोडून उभी राहिली. “मावशी, तिथेही आडवं पाडतात?”

“पाडतात.”

“आणि तिथे तुमचं जाकीट चालतं?”

“नाही गं. तिथे कोणी आम्हाला निवडलेलं नाही.”

“मग तिथे त्यांना विचारतं कोण?”

सातुर्निना लेकीचा हात घट्ट धरून उभी होती. आता ही मेंढरांकडे चालू लागणार, अशी माझी खात्री झाली. निएवेसने शेगडीवर पुन्हा एकदा हात शेकले. मग तिने शाल पाठीवर आवळली आणि म्हणाली, “चला. गाडी कुठंय?”

शहरातल्या दवाखान्याच्या दारावर पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. पेशंट आत, बाकी बाहेर. मी बाह्या सरसावून तोंड उघडणार, तेवढ्यात निएवेस चाकाच्या खुर्चीतून उतरली आणि दारातच जमिनीवर बसली. इतकं मोठं पोट घेऊन, मांडी घालून. माणसांची ये-जा बंद. आतून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, वैतागलेल्या.

“मावशी,” निएवेस म्हणाली, “मी सांगते ते त्यांच्या भाषेत सांग. तुझं काही घालू नकोस.”

मी घातलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं, मीठमसाला न लावता.

“माझी आई आत येईल. हात लावायच्या आधी मला सांगायचं, मला कळेल असं. मला बसून राहायचंय. पाय उघडे टाकायचे नाहीत. पोट कापावं लागलं तर कापा, पण आधी माझ्याशी बोला. आणि मला मुन्याच्या, आमच्या डोंगरी पुदिन्याच्या, पाल्याचा गरम चहा हवा.”

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या निएवेसच्या समोर उकिडव्या बसल्या, पांढरा डगला फरशीवर लोळत होता. “चहा नाही देता येणार,” त्या म्हणाल्या. “कापायची वेळ आली तर पोट रिकामं असायला हवं, नाहीतर गुंगीत उलटी होऊन चहा छातीत जाईल. हाताला सुई राहील, पोटावर बाळाचे ठोके मोजणारा पट्टा राहील. तेवढं सांभाळून बसायचं असेल तर बस. आई येऊ दे.”

मी सांगितलं. निएवेसने विचार केला. “चहाचं पटलं,” ती म्हणाली आणि आईच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

मुलगा झाला, निएवेस बसलेलीच, लोकरीच्या मोज्यांत पाय, पाठीशी आई. बीपी उतरायला चार-पाच दिवस गेले, पण उतरलं.

घरी निघायच्या दिवशी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. पहारेकऱ्याने तक्रार केली असणार, मी कंबर कसूनच आत गेले. साहेबांनी आम्हा तिघींकडे बघितलं. माझं निळं जाकीट, सातुर्निनाचं निळं जाकीट, मध्ये पोराला पाजणारी निएवेस.

“आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, असा आढावा इथेही व्हायला हवा,” ते म्हणाले. “पहिल्या बैठकीला तुमच्यातली बोलणारी बाई पाठवा. कोण ती?”

अख्ख्या डोंगराला ठाऊक असलेली माझी जीभ मी आवरली. सातुर्निनाने आणि मी एकदमच निएवेसकडे बोट दाखवलं.

तिने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि मला म्हणाली, “मावशी, साहेबांना विचार, बैठक कधी आहे ते.”