गालांवरची लाली

सिस्टर भावाच्या घरी शिरली तेव्हा तिची भाची जिन्याच्या मधल्या पायरीवर बादली टेकवून उभी होती. चेहरा असा, की खिडकीतून गंमत बघायलाच थांबली आहे. त्या खिडकीतून शेजारची भिंत सोडून काही दिसत नव्हतं. धाप लागलेली माणसं नेहमी काहीतरी बघायला थांबतात, हे सिस्टरला हृदयरुग्णांच्या वॉर्डातल्या अठरा वर्षांनी शिकवलं होतं. घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

"गोळी घेतलीस?"

"आईने बंद केली, आत्या. आज बघायला येणार ना. सारखं लघवीला उठलं तर बरं दिसत नाही म्हणे."

अकराव्या वर्षी पोरीला ताप आला, सांधे सुजले. ताप गेला, पण जाताना हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आखडून गेला. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवून नळी सिस्टरच्या कानाला लावली होती. आधी दार आपटावं तसा ठोका, मग शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवतंय अशी घरघर. झडप अरुंद, रक्त पुढे जात नाही, मागे फुप्फुसांत तुंबतं. डॉक्टर म्हणाले होते, मांडीच्या शिरेतून फुगा घालून ती रुंद करता येते, दोन दिवसांचं काम. मात्र मूल होण्याआधी करा.

वहिनीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन फाइल जाळून टाकली. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात रीतच होती ती. मुलीच्या दुखण्याचा शब्द लग्न होईपर्यंत उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. लग्नाआधी कळलं तर मुलीत खोट, लग्नानंतर कळलं तर तिचं नशीब.

"वहिनी, आधी फुग्याचं उरकून घेऊ," स्वयंपाकघरात सिस्टर हळूच म्हणाली.

"एकदा दवाखान्यात नाव लागलं, की चार घरांत होतंच वन्सं. आधी उजवून टाकू तिला. मग तिची माणसं बघतील."

"माहीतच नसेल तर काय बघतील?"

वहिनी कप पुसत राहिली. "तुमचं जमलं नाही," ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तिचंही जमू नये असं वाटतं का?"

यावर सिस्टरने कपबशा ट्रेमध्ये मांडल्या.

पाहुणे वेळेवर आले. मुलाची आई मोठी चौकस बाई. डॉक्टरी तपासणीच्या चार पायऱ्या असतात: बघणं, हात लावणं, ठोकून पाहणं, आणि शेवटी ऐकणं. बाईंनी पहिल्या तीन अगदी शिस्तीत पार पाडल्या. केस, दात, नखं बघितली. दंड चाचपला. पाठीवर थाप मारून "कणा ताठ आहे हो" म्हणाल्या. मग गालांवर नजर ठरली.

"एवढे लाल? काही लावलंय वाटतं."

त्यांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि पोरीचा गाल भांडं घासावं तसा घासला. रुमाल पांढराच राहिला. "अस्सल आहे," बाई खूश होऊन मुलाला म्हणाल्या. ती लाली अरुंद झडपेची होती. वॉर्डात तशा गालांच्या चार बायका सिस्टर सकाळीच सोडून आली होती.

चौथ्या पायरीकडे कुणीच वळलं नाही. बाईंनी ते काम सिस्टरवर ढकललं.

"तुम्ही तर दवाखान्यातल्या. तुम्हीच सांगा, मुलगी कशी आहे?"

भाची आत्याकडे बघत होती. वहिनीही बघत होती.

"ठणठणीत," सिस्टर म्हणाली.

लग्न झालं. तो ताप उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन बंद झालं, कारण सासरी कशाचं म्हणून सांगायचं? वर्षभरात दिवस राहिले. सिस्टरने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासूबाईंनीच उचलला. "आराम चाललाय राणीसरकारांचा. झोपतात तेसुद्धा बसून. चार उशा लागतात पाठीला." सिस्टरला चार उशांचा अर्थ कळत होता: आडवं झालं की फुप्फुसांत तुंबून श्वास कोंडतो. तिने "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला.

सातव्या महिन्यात, भर दुपारी, भाची सिस्टरच्याच वॉर्डात आली. मानेच्या शिरा जबड्यापर्यंत फुगलेल्या, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली. तळापासून खांद्यापर्यंत नुसती बुडबुड.

"आधीचा काही त्रास?"

"आमच्या घरात आली तेव्हा काही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "विचारा या सिस्टरना. यांचाच शब्द होता."

मागे वहिनी उभी होती. ती मान हलवत होती, अगदी बारीक: नको.

"झडप अरुंद आहे," सिस्टर म्हणाली. "मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि कामाला लागल्या. चाळीस मिनिटं त्या झटल्या. आधी पोटातलं बाळ गेलं, मग ती.

कागद भरायची वेळ आली. मृत्यूच्या दाखल्यात कारणासमोर एक रकाना असतो: आजार किती काळ होता. डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं. वहिनीने डोळे पुसले आणि पुढे सरकली. रडणं खरं होतं, आणि पुढे सरकणंही खरं होतं.

"अचानक लिहा, बाई. घरात अजून एक मुलगी आहे. तिलाही कधीमधी ताप येतो. उद्या कुणी हा कागद बघितला तर तिला कोण करून घेईल?"

ती धाकटी पंधरा वर्षांची. दाराशी उभी राहून ऐकत होती.

"बारा वर्षं," सिस्टर म्हणाली. "बारा वर्षं लिहा. आणि ती सगळी वर्षं याच वॉर्डात नोकरी करणारी एक बाई सगळं जाणून गप्प बसली, हे लिहायला रकाना असेल तर तेही लिहा."

"वन्सं, आमच्या दारात पाऊल ठेवू नका आता."

"नाही ठेवणार," सिस्टर म्हणाली. मग तिने धाकटीला हात धरून पडद्यामागच्या रिकाम्या खाटेवर नेलं, डाव्या कुशीवर वळवलं, आणि वहिनीच्या देखत नळी कानाला लावली.