मास्तरांच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची, मापं घेण्याची. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आणि टोकांना पितळेच्या पट्ट्या. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. आता माझे पहिले सात आकडे पुसले आहेत, पण मास्तरांचं त्यावाचून काही अडत नाही.

माझी जागा मास्तरांच्या गळ्यात. समोरच्या कोपऱ्यात त्यांचे वडील काज-बटणं करत बसतात. त्यांना सगळे काजबाबा म्हणतात. त्यांची छाती नाजूक, नजर अधू. म्हणून सुईत दोरा मास्तरच ओवून देत. टोक ओठांत ओलं करायचं, ओवायचं आणि सुई बाबांच्या हातात ठेवायची. असं दिवसातून वीस वेळा. गिऱ्हाईक कपड्याच्या फिटिंगचं कौतुक करी, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग करोना आला. माणसामाणसांत सहा फूट अंतर ठेवा, असं सांगण्यात आलं. मी जेमतेम पाच फुटांची, आणि माप तर गळ्यात हात घालायच्या अंतरावरून घ्यावं लागतं. मास्तर मास्क लावत. पण दोरा ओला करताना तो हनुवटीवर ओढत आणि मग तो तिथेच राही. कापायचे कागदी नमुने उडू नयेत म्हणून खिडकीही बंद असे.

लस आली. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे सूनबाईंनी, स्वतःबरोबर काजबाबांनाही नेलं. दोघांचे दोन्ही डोस वेळेवर झाले. मास्तर मात्र आज-उद्या करत राहिले.

"हात दुखला तर कात्री कोण धरणार? चाळीस गणवेश पडलेत," ते म्हणत.

एका सकाळी त्यांची मान मला गरम लागली. इस्त्रीची धग असेल म्हटलं, पण इस्त्री अजून लावलीच नव्हती. तो ताप होता आणि तो सगळ्यांत आधी मला कळला.

"घसा बसलाय का रे तुझा?" काजबाबांनी विचारलं.

"काही नाही हो, धुळीनं झालंय."

आणि मास्क खाली घेऊन त्यांनी दोरा ओठांना लावला. मला ओरडावंसं वाटलं. मी कात्रीलाही कधी इतकी घाबरले नव्हते.

संध्याकाळी तपासणीत करोना निघाला. मास्तर वरच्या खोलीत एकटे राहू लागले. गळ्यातून काढायला विसरले, म्हणून मीही त्यांच्याबरोबर. चौथ्या दिवशी काजबाबांना धाप लागली आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. तिकडून फोन आला की सूनबाई बंद दाराबाहेरून सांगत.

"अहो, ऑक्सिजन ब्याण्णव आहे. नळी लावलीय. दोन्ही डोस झालेत, त्याचा आधार आहे म्हणाले डॉक्टर."

मास्तरांनी मला उलटं केलं आणि ब्याण्णव सेंटिमीटरवर अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशी नव्वद. अंगठा मागे सरकला.

"माझ्यामुळेच झालं हे," ते म्हणाले आणि रडले.

तिसऱ्या दिवशी दुपार टळली तरी दाराशी कोणी आलं नाही. मास्तर नव्वदवर अंगठा दाबून बसून राहिले. माझा तो आकडा घामाने पुसट झाला. शेवटी पावलं वाजली.

"चौऱ्याण्णव. आणि विचारत होते, गणवेशांची काजं कोणाकडून करून घेतोय म्हणून."

बरे झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर मास्तर लस घ्यायला गेले. कात्रीच्या हाताची अडचण त्यांनी नर्सबाईंना सांगितली.

"मग डाव्या हातावर देते की," त्या म्हणाल्या.

मास्तर मान खाली घालून बसले. एवढं विचारायला त्यांना कितीतरी महिने लागले होते.

आता खिडकी उघडी असते आणि नमुन्यांवर वजनं ठेवतात. काजबाबा घरी आले, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या नव्या शर्टाचं माप घेतलं. पूर्वी छाती छत्तीस भरायची. अंगठा चौतीसवर थांबला.

"किती?" बाबांनी विचारलं.

"छत्तीस," मास्तर म्हणाले आणि वहीत तसंच लिहिलं.

मित्रांनो, ताप मला कळला होता, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. अंग तापलं, घसा खवखवला तर 'काही नाही' म्हणू नका. लगेच सांगा, वेगळे बसा, मास्क नाकावरच राहू द्या. घरात कोणाची लस राहिली असेल तर त्यांच्या मागे लागा, आणि ते का टाळतात तेही विचारा.

काजबाबांचा शर्ट छत्तीसचाच शिवला आहे. अजून तो त्यांना सैल होतो.