रुसव्याचा दगड

गावातल्या टेकड्या, ओढ्याची वळणं, बांध, डबकी यांना लोक काय म्हणतात ते विचारून नकाशावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिली हरकत आमच्याच घरातून आली. काकांची.

ओढ्यापलीकडे एक सपाट, बसका दगड आहे. काकूशी वाजलं की काका तिथे जाऊन बसतात. लग्न झाल्यापासून बसतात. म्हणून काकू त्याला रुसव्याचा दगड म्हणते, आणि घरात आम्हीही. पण काका पडले माजी मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. "रुसून बसायला ही काय सासुरवाडी आहे?" असं पोरांना जन्मभर दरडावलेलं. आता हे नाव नकाशात छापून वाचनालयाच्या भिंतीवर लागलं, तर त्यांची काय शोभा राहणार?

"काका, तीन वेगळ्या घरांनी आपणहून सांगितलं तरच नाव लागतं," मी समजावलं. "आपलं घर एकच. तुम्ही निश्चिंत राहा."

निश्चिंत राहतील तर ते काका कसले! दुसऱ्याच दिवशी छत्री घेऊन ते घरोघर फिरले आणि प्रत्येकाला बजावून आले, की पुतणी विचारायला येईल, तेव्हा त्या दगडाला रुसव्याचा दगड अजिबात म्हणायचं नाही.

तोवर गावात त्या दगडाला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

मी गेले तर सुतारानं रंधा बाजूला ठेवला. "टेकडीचं नंतर बघू. आधी तो रुसव्याचा दगड लिहून घ्या." गिरणीवाल्या बाई पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसल्या. "सर रुसतात? मग आमच्या ह्यांना कुठल्या तोंडाने बोलू मी!" पहिली गल्ली संपायच्या आत नाव पक्कं झालं.

घरी येऊन सांगितलं, तसा काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाईटही वाटलं आणि हसूही आवरेना. "हे सगळं तुझ्यामुळे," ते काकूला म्हणाले आणि चपला अडकवून तरातरा निघाले. कुठे, ते सांगायला नकोच.

उन्हं कलली तशी काकूनं त्यांचा स्वेटर उचलला. मी सोबत गेले. हल्ली ओढ्यापर्यंत जाताना ती मध्येच थांबते, गुडघ्यावर हात ठेवून दम खाते आणि चप्पल नीट करतेय असं दाखवते.

काका आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"काका, खोडते मी ते नाव. नियम गेला खड्ड्यात."

"खोडू नकोस," काकू म्हणाली. तिला अजून धाप लागत होती. "अहो, इतकी वर्षं मी न्यायला आले. उद्या मला नाही जमलं, तर तुम्हाला कुठे शोधायचं हे गावाला ठाऊक नको?"

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग सरकून दगडावर तिच्यासाठी जागा केली.

"लिही," ते मला म्हणाले. "पण यापुढे मी अंगणातच रुसणार आहे. तेही सांगून ठेव सगळ्यांना."