थांबवायचा दांडा

मळणीचं मशीन परत थांबलं. डोक्यावर गव्हाचा भारा घेऊन मी अर्ध्या वाटेत उभी, आणि मशीनवाला कपाळाला हात लावून बसलेला.

"वहिनी, असं चाललं तर पुढच्या सालचा गहू येईल, पण हा संपायचा नाही!"

खोटं बोलत नव्हता. आभाळ काळं होऊन खाली आलेलं, गहू उघड्यावर, आणि ट्रॅक्टरवर बसलेले माझे धाकटे दीर घडीघडीला दांडा ओढून मशीन बंद करत होते. बंद केलं की खाली उतरायचे, मशीनच्या तोंडात वाकून बघायचे आणि विचारायचे, "दादा कुठाय?"

"इथंच आहे रे, बांधावर," आमचे हे म्हणायचे.

गेल्या साली ह्याच मशीननं ह्यांचा उजवा हात कोपरापासून नेला. भावजी शेजारी उभे राहून "बंद करा, बंद करा" ओरडत होते, पण दांड्यापाशी मशीनवाला, त्याला त्या घरघरीत काही ऐकूच गेलं नाही. हे डाव्या हातानं जेवायला शिकले, कामालाही लागले. भावजींना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण खाट धरली ती त्यांनी. झोपेत ओरडायचे. कुठं पाण्याची मोटर सुरू झाली की भरल्या ताटावरून उठायचे. मला तर संताप यायचा. हात गेला कुणाचा आणि रडतंय कोण!

आम्ही शहाण्यांनी उपाय काय काढला? घरात मशीनचं नावच घ्यायचं नाही. कुणाच्या रानात मळणी असली की भावजींना काहीतरी निमित्त काढून गावाबाहेर पाठवायचं. झालं उलटंच. ते घराचा उंबरासुद्धा ओलांडेनात.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा भित्रेपणा नाही, आजार आहे. ह्याच्या मनात ते मशीन अजून चालूच आहे. तुम्ही लपवाल तेवढा तो धसका वाढेल. हळूहळू जवळ न्या, आणि थांबवणं त्याच्या हातात ठेवा."

मग बाईंकडं फेऱ्या सुरू झाल्या. भावजी आधी बंद मशीनपाशी नुसते बसले, मग चालू मशीन लांबून बघितलं. आज पहिल्यांदा दांडा त्यांच्या हातात होता. बाईंचं काय जातंय म्हणा, त्यांचा गहू थोडाच भिजणार होता!

"भावजी, पुरे आता!" मी भारा खाली आपटला. "पाऊस आला तर वर्षभर खायचं काय?"

भावजींनी दांडा सोडला नाही. "कळतंय मला, वहिनी. पण आवाज चढला की दादाच दिसतो त्यात."

"थांबव की मग," हे बांधावरून म्हणाले. "हवं तितक्यांदा थांबव. त्या दिवशी कुणी थांबवलं असतं तर..."

मशीनवाला खाली मान घालून मशीनचा पट्टा तपासायला लागला. मीही भारा परत उचलला.

मशीन सुरू झालं, बंद झालं, परत सुरू झालं. माझा जीव आभाळाकडं लागलेला, त्यामुळं भावजी खाली उतरायचे बंद झाले हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मग तर बंदही करेनात, नुसते मान वळवून बांधाकडं बघायचे. घामानं निथळत होते, पण बसून होते.

टपोरे थेंब पडायला लागले, हे बांधावरून माझ्याजवळ आले आणि नेमकं तेव्हाच मशीन थांबलं. माझं डोकंच फिरलं.

"आता काय झालं? हे काय, इथं माझ्याजवळ उभे आहेत तुमचे दादा! दिसत नाहीत का?"

भावजींच्या पापण्यांवर भुसा बसला होता. दांड्यावरचा हात त्यांनी सावकाश काढला.

"दिसतोय की. गहू संपला, वहिनी."

आभाळाच्या धास्तीत किती भारे उरले हे मी बघितलंच नव्हतं; आता मागं वळून बघितलं. रानात एक पेंढी उरली नव्हती.

"बघत काय बसलीस? ताडपत्री आण!" हे ओरडले.

दोघा भावांनी तीन हातांनी ताडपत्री पोत्यांवर ओढली. खालची दोन पोती भिजलीच. त्यावरून मी घरी पोचेपर्यंत भावजींना बोलत होते, आणि ते माझ्यामागून हसत येत होते.