बीमेनच्या कोटाच्या बाह्या

इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या एका गल्लीत दिम्यानाचं शिवणाचं दुकान होतं. तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचा सात जानेवारीचा ख्रिस्तजन्माचा सण आठवड्यावर आला, तशी तिने नवी कामं घेणं थांबवलं आणि दारावर पाटी लावली: 'सणापर्यंत गल्लीतल्यांचे जुने कपडे फुकट दुरुस्त करून मिळतील.' यंदा नवं घेणं फारसं कुणाला झेपत नव्हतं. जुनं तरी धड दिसावं, एवढाच तिचा विचार.

सोमवारी समोरचे सिद्राक आले. पोस्टातून निवृत्त झालेले, बुटके, अबोल. हातात तपकिरी लोकरी कोट.

"अम्मो, हा तर बीमेनचा," दिम्याना म्हणाली. समोरच्या या काकांना ती अम्मो म्हणे.

"होता. सणाला मी घालणार. बाह्या चार बोटं कमी कर. दुमडू नकोस, कापूनच टाक."

बीमेन त्यांचा एकुलता एक. ऑस्ट्रेलियाला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गेली दोन वर्षं त्याचा फोनही नव्हता. दिम्यानाने बाह्यांवर खडूने खूण केली.

मंगळवारी बीमेनची आई आली; गल्लीत तिला सगळे उम्म बीमेन म्हणत. सणाआधीच्या उपासाची म्हणून वाटीभर 'फूल', म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची भाजी घेऊन.

"त्यांचा विचार बदललाय गं. कोट आहे तसाच राहू दे."

दिम्यानाने खूण झटकून टाकली. बुधवारी सिद्राक दारात हजर.

"झाला?"

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"मी? कुणाला म्हणालो?"

दिम्यानाच्या ओठांवर नाव आलं होतं, ते तिने गिळलं. "माझीच गल्लत झाली, अम्मो. कामं एकात एक मिसळली."

ते गेले आणि ती कात्री हातात धरून नुसती बसून राहिली. फुकटचं काम, आणि त्यात हा घोळ. ऐकायचं तरी कुणाचं? शेवटी ती त्यांच्या गच्चीवर गेली. उम्म बीमेन कपडे वाळत घालत होती.

"मावशी, तुम्ही दोघं आपसात एकदा बोला. मला काही कळेनासं झालंय."

"बोलू काय? ते म्हणतात, गेला तो गेला. अगं, थंडीत परत आला तर घालेल काय? एकदा कापलं की जोडता येत नाही. शिंपीण आहेस, तुला मी सांगायला हवं?"

त्या दुपारी दिम्यानाने कात्री बाजूला ठेवली. बाह्या आत वळवल्या, कच्च्या दोऱ्याने टाचल्या, वरून अस्तर नीट बसवलं. बाहेरून पाहणाऱ्याला कापल्यासारख्याच दिसत होत्या. सिद्राकांना कोट देताना मात्र "कापल्या" असं तिच्या तोंडून निघेना. "झाल्या," एवढंच म्हणाली.

सणाच्या सकाळी सिद्राक तोच कोट घालून, सणाची घरची बिस्किटं, कहक, घेऊन आले. मागे उम्म बीमेन, दिम्यानाकडे न बघता.

सिद्राकांनी मनगट चाचपलं. "इथे जाड लागतंय."

"अस्तर आहे, अम्मो."

त्यांनी पुन्हा बोटं फिरवली, सावकाश, शिवणीच्या कडेकडेने.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे अस्तर."

नवराबायको पुढच्या घरी गेले. दिम्याना कहकची ताटली धरून उभी राहिली. सिद्राकांना कळलं होतं की नव्हतं? चेहऱ्यावरून तिला काहीच उमगलं नाही.